खर्चाआधी बेड तपासावा
जुना एचएमटी लेथ रेट्रोफिट करावा (म्हणजे नवी मोटर व कंट्रोलर बसवून संगणक-नियंत्रित करावा) की वापरलेला सीएनसी, म्हणजे तयार संगणक-नियंत्रित लेथ घ्यावा, हा प्रश्न आला की बहुधा खर्चाचाच विचार होतो. माझ्या मते मात्र निर्णय आधी बेडच्या, म्हणजे ज्यावर हत्यार धरणारी कॅरेज सरकते त्या पायाच्या, झिजेवर ठरतो. काम पकडणाऱ्या चकजवळ बेड झिजलेला असल्यास कॅरेज तिथे सैल आणि दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे घट्ट चालते, आणि बेड ग्राइंड करून सॅडल (कॅरेजचा बेडवर बसणारा भाग) स्क्रेप केल्याशिवाय, म्हणजे खरवडून जुळवल्याशिवाय, कॅरेज सरकवणारा नवा बॉलस्क्रू, सर्वो मोटर व कंट्रोलर बसवले तरी कामात टेपर (लांबीभर व्यासात फरक) येतच राहतो. बेड चांगला असेल, तर मी निःशंकपणे रेट्रोफिटच सुचवेन.

वापरलेले मशीन चालू स्थितीत, स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) तापल्यावर, टेस्ट बार (अचूक गोल दांडा) आणि डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) लावूनच पाहावे. जुन्या कंट्रोलरचे पॅरामीटर, म्हणजे त्या मशीनची सेटिंग्ज, बहुधा बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात आणि गोदामात पडून बॅटरी संपली की ते पुसले जातात. त्यांचा बॅकअप हाती आल्याशिवाय विसार देऊ नये.