मदत हवी आहे: मुलाच्या जहाजावर नाविकांसाठी काम करणाऱ्या मिशनच्या माणसाला पाठवता येईल का?

नमस्कार. आम्ही पुण्याचे, कोथरूडला राहतो. मुलगा कंटेनर जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे, साइन ऑन करून (जहाजावर रुजू होऊन) पाच महिने झालेत. गेल्या महिन्यात माझे सासरे गेले. त्यांच्याच मांडीवर वाढलेला हा मुलगा. वैकुंठ स्मशानभूमीतून व्हिडिओ कॉल लावला होता, पण अर्ध्यातच त्याचं नेटवर्क गेलं. तेव्हापासून फोनवर फक्त "बरा आहे" म्हणतो. एरवी आधी "आज भाजी कसली?" विचारायचा, तेही बंद झालंय.

पुढच्या आठवड्यात जहाज इंग्लंडला, फेलिक्स्टो बंदरात लागेल. थांबणार जेमतेम एक दिवस, त्यात इंजिनची कामं, म्हणजे तो खाली उतरेलच असं नाही. कुणीतरी वर जाऊन त्याच्याजवळ घटकाभर बसावं, एवढंच वाटतं.

मागच्या काँट्रॅक्टला तो हॅम्बुर्गच्या डुकडाल्बेन या नाविकांच्या क्लबात गेला होता. जर्मन सीमेन्स मिशनने 1986 मध्ये सुरू केलेला. बंदरातून न्यायला त्यांचीच गाडी आली. तिथे प्रार्थनेच्या एकाच खोलीत सगळ्या धर्मांना जागा आहे, हिंदूंनाही. त्या दिवशी तो माझ्याशी दीड तास बोलला होता!

फेलिक्स्टोत, 1856 मध्ये स्थापन झालेलं अँग्लिकन मिशन टू सीफेरर्स आणि कॅथलिकांचं स्टेला मारिस, दोन्ही काम करतात असं कळलं. घरच्यांनी परस्पर मेल केला तर चालतो का? आम्ही ख्रिश्चन नाही. आणि कंपनीला कळून त्याच्या नोकरीवर काही येणार नाही ना?

उत्तर: ताई, जरूर लिहा. मी बावीस वर्षं जहाजावर काढली. त्यांचे शिप व्हिजिटर गँगवे (जहाजाची शिडी) चढून येतात, धर्म विचारत नाहीत. जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख क्रमांक), मुलाचं नाव, हुद्दा, अंदाजे तारीख कळवा. आजोबांचं लिहा, आणि मेसमध्ये चारचौघांत विषय काढू नका, कंपनीला कळवू नका, हेही स्पष्ट लिहा. पण आधी मुलाला विचारा. तोवर सीफेररहेल्प या नाविकांच्या हेल्पलाइनला फोन करता येईल, चोवीस तास, फुकट. घरच्यांशीही बोलतात, गुप्तता पाळतात.

धागाकर्ती: दादा, आत्ताच विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "येऊ दे. पण चारनंतर, तेव्हा माझा वॉच संपतो." मेल लिहायला बसतेय.