जुन्या सीडी प्लेअरमधला डिजिटल फिल्टर काढावा का? (टीडीए १५४१ वाले फिलिप्स-मरांट्झ)

गंधार४४
१९८५ ते १९९० च्या सुमाराचे फिलिप्स आणि मरांट्झचे बरेच प्लेअर एकाच जोडीवर चालतात: एसएए ७२२० हा डिजिटल फिल्टर (सीडीवरच्या नमुन्यांच्या मध्ये जास्तीचे नमुने भरून त्यांचा वेग चौपट करणारा, म्हणजेच ओव्हरसॅम्पलिंग करणारा आयसी) आणि त्याच्या पुढे टीडीए १५४१ किंवा १५४१ए हा १६ बिटचा डॅक (डिजिटल आकड्यांचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा आयसी). डॅक अव्वल आहे, फिल्टर त्याला मागे ओढतो, असं माझं ठाम मत आहे. तो काढा आणि ४४.१ किलोहर्ट्झचा डेटा सरळ डॅकला द्या, म्हणजे ज्याला आपण एनओएस (नॉन-ओव्हरसॅम्पलिंग) म्हणतो ते.

फिल्टरचा आयसी एवढा तापतो की त्यावर बोट ठेवून राहता येत नाही. त्याच्या स्विचिंगचा कचरा ५ व्होल्टच्या लाइनवर येतो. शिवाय असा फिल्टर प्रत्येक टोकदार आघाताच्या आधी आणि नंतर बारीक लहर सोडतो. तबल्याच्या चाटेवरचा टणका बोथट होतो तो त्यामुळे.

काम तसं थोडं आहे. फिल्टर काढायचा आणि डिकोडरकडून (डिस्कवरचा डेटा उलगडणारा आयसी) येणाऱ्या तीन लाइनी (वर्ड सिलेक्ट, बिट क्लॉक, डेटा) डॅकच्या १, २, ३ नंबरच्या पिनांना जोडायच्या. डॅकच्या ७ ते १३ आणि १८ ते २४ या पिनांवरचे १०० नॅनोफॅरडचे १४ कपॅसिटर चांगल्या फिल्मचे घालायचे. आउटपुटचा ऑपअँप (अ‍ॅम्प्लिफायरचा आयसी) काढून त्या जागी १०० ओमचा रेझिस्टर लावायचा.

मोजमाप
गंधार, ही कृती कुणी जशीच्या तशी केली तर प्लेअर बंदच पडेल. यातल्या बहुतेक मॉडेलांत ११.२८९६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टरच्याच पिनांवर असतो आणि डिकोडरला क्लॉक तिथूनच जातो. फिल्टर काढला की डिकोडरचा क्लॉक गेला, मग डिस्क फिरणारच नाही. आधी आपल्या मॉडेलचा सर्किट डायग्राम बघा.

१०० ओमला तर माझा पूर्ण विरोध आहे. या डॅकचा आउटपुट ० ते ४ मिलिअँपिअर असा करंट आहे आणि त्या पिनेवर जास्तीत जास्त अधिक-उणे २५ मिलिव्होल्ट चालतात, असं डेटाशीट सांगते. अधिक-उणे २ मिलिअँपिअरला १०० ओमवर २०० मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे मर्यादेच्या आठपट. मर्यादेत राहायचं तर साडेबारा ओमच्या वर जाता येत नाही. मूळ सर्किटमध्ये ऑपअँप असतो तो ही पिन शून्यावर धरून ठेवायला. त्याच्या फीडबॅकमध्ये १.५ किलोओम धरा: ४ मिलिअँपिअर गुणिले १.५ म्हणजे ६ व्होल्ट टोकापासून टोकापर्यंत, आरएमएस मोजलं तर २.१ व्होल्ट. सीडी प्लेअरला २ व्होल्ट अपेक्षित असतात, ते इथून येतात. १०० ओम लावून तुम्हाला जो 'मोकळा' आवाज मिळतो त्यात डिस्टॉर्शनचा वाटा मोठा आहे.

आता फिल्टरबद्दल. एनओएसमध्ये १० किलोहर्ट्झला पाऊण डीबी आणि २० किलोहर्ट्झला ३.२ डीबी उतार आपोआप येतो. चौपट ओव्हरसॅम्पलिंगला तोच उतार २० किलोहर्ट्झला ०.२ डीबीसुद्धा भरत नाही. एनओएसमध्ये २० किलोहर्ट्झच्या सुराची प्रतिमा (मूळ ध्वनीत नसलेली नक्कल) २४.१ किलोहर्ट्झला जवळपास तेवढ्याच जोराने बाहेर पडते, चौपटीत ती १५६ च्या पुढे ढकलली जाते आणि साधा अ‍ॅनालॉग फिल्टर तिला सहज गिळतो.

जुनी_जोडणी
तुम्ही दोघं ज्यावर भांडताय तो फरक ऐकू येण्याआधी यातले निम्मे प्लेअर आजारी असतात, त्याचं काय? ३५ वर्षांच्या मशीनवर एनओएस करून 'सुधारला' म्हणायचं आणि पॉवर सप्लायचे कपॅसिटर मूळचेच ठेवायचे, हे मला पटत नाही.

सुरुवात सोल्डरच्या डागांपासून करा. त्या काळच्या काही फिलिप्स बोर्डांवर वरच्या आणि खालच्या ट्रॅकला जोडायला छिद्रात पोकळ पितळी रिव्हेट असे, भिंगातून पाहिलं तर त्याच्या कडेने सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसते. थंड असताना प्लेअर नीट चालतो, तापला की डिस्क वाचत नाही, आणि लोक लेझरला दोष देतात. नुसता वरून नवा डाग देऊन भागत नाही. जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) काढा, रिव्हेटमधून बारीक तांब्याची तार आरपार घाला, दोन्ही बाजूंनी वळवा आणि फ्लक्स लावून डाग द्या. आयर्न ३३० अंशांच्या आसपास ठेवा आणि तीन सेकंदांच्या वर टेकवू नका, या बोर्डांचे पॅड पापुद्र्यासारखे उचलले जातात.

मग इलेक्ट्रोलिटिक. सगळे १०५ अंशांचे घ्या, व्होल्टेज मूळचं किंवा एक पायरी वर. मुख्य फिल्टरला २२०० मायक्रोफॅरडच्या जागी १०,००० बसवायचा मोह आवरा. डायोडमधून करंटचे झटके अरुंद आणि उंच होतात, ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागतो, आणि जो कचरा कमी करायचा तोच वाढतो. ३३०० पुरे.

रेग्युलेटर बदलताना नेहमीची चूक म्हणजे ७९०५ ला ७८०५ समजणं. ७८०५ मध्ये इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा क्रम असतो, ७९०५ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७९०५ आणि ७९१५ चा धातूचा पत्रा ग्राउंडला नसतो, इनपुटला असतो. अभ्रकाची चकती न घालता तो हीटसिंकला कसला तर शॉर्ट. डॅकला अधिक ५, उणे ५ आणि उणे १५ व्होल्ट लागतात. डॅक बसवण्याआधी हे तिन्ही मीटरने तपासा, कारण खरा १५४१ए आता सहज मिळत नाही. 'सिंगल क्राउन' (निवडक दर्जाचा १५४१ए) म्हणून नव्याने छाप मारलेले बरेच नकली फिरतात. लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, अनोळखी लॉटमधला आयसी आणि भारी नावाचा कपॅसिटर दोन्ही मोजल्याशिवाय घेऊ नका.

लेन्सला ९९ टक्के आयसोप्रॉपिलचा जेमतेम ओला बोळा, दाब अजिबात नाही. फिलिप्सचा झुलता हात गिअरशिवाय चालतो, त्याला तेल लावू नका. लेझरचा प्रिसेट फिरवून 'ताकद वाढवणं' म्हणजे उरलेलं आयुष्य संपवणं. आणि जपानहून आलेला सेट १०० व्होल्टचा असतो, तो २३० ला लावण्याआधी मागची पट्टी वाचा.

अनघा_के
मग एवढा खटाटोप कशाला? यातल्या बऱ्याच मॉडेलांना मागे डिजिटल आउट आहे. ७५ ओमची केबल लावून बाहेरचा नवा डॅक जोडा. एकही ट्रॅक कापावा लागणार नाही आणि मशीन मूळ रूपात राहील. १६ बिटच्या सीडीसाठी आजचा साधा डॅकही नॉइज आणि डिस्टॉर्शन दोन्हींत १५४१ च्या पुढे आहे.

जुनी_जोडणी
अनघाताई, आकड्यांत तुमचं बरोबर आहे. पण हा डिजिटल आउट एसएए ७२२० मधूनच निघतो. म्हणजे ज्यांनी फिल्टर काढला त्यांची ही वाटही बंद झाली. काढणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

गंधार४४
क्लॉक आणि १०० ओम या दोन्ही चुका मान्य, मूळ मजकूर कुणी तसा वापरू नये. ऑपअँप राहू द्या. पण फिल्टरवरचं मत मी सोडत नाही. आयसी जागेवरच ठेवायचा, म्हणजे क्लॉक आणि डिजिटल आउट दोन्ही वाचतात. डॅकला २८ पिनांचा सॉकेट बसवा, १, २, ३ या पिनांचे ट्रॅक कापा आणि तिथे तीन पोलचा चेंजओव्हर स्विच द्या: एका बाजूला फिल्टरचा डेटा, दुसऱ्या बाजूला डिकोडरचा. तारा चार-पाच सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत आणि प्रत्येकीत ४७ ओम घाला, कारण ओव्हरसॅम्पल्ड बाजूचा बिट क्लॉक ५.६ मेगाहर्ट्झचा आहे. स्विच प्लेअर बंद करूनच फिरवायचा. फिल्टरच्या २४ नंबरच्या पिनेला वेगळा ७८०५ दिला की त्याचा कचराही डॅककडे कमी जातो.

ऑपअँपबद्दलही मी उतावीळ होतो. एनई ५५३२ च्या जागी एलएम ४५६२ घालणाऱ्यांनी ४ आणि ८ या पिनांमध्ये, आयसीच्या पोटाशी, १०० नॅनोफॅरड दिलाच पाहिजे. नाहीतर तो मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट होतो, आयसी उगाच गरम लागतो आणि आवाज किरकिरा येतो.

मोजमाप
हा स्विच मला आवडला, कारण आता वाद मोजता येईल. १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावून दोन्ही बाजूंचा व्होल्टेज मोजा. २ व्होल्टला २० मिलिव्होल्टच्या आत फरक हवा. नाहीतर जी बाजू मोठी तीच चांगली वाटते.

त्यानंतर तिसरी बाजू करा. ओव्हरसॅम्पल्ड आउटपुटला १ किलोओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि ८.२ नॅनोफॅरड ग्राउंडला. हा फिल्टर १० किलोहर्ट्झला १ डीबी आणि २० ला ३ डीबीच्या थोडं वर खाली येतो, म्हणजे एनओएसच्या उताराच्या अगदी जवळ. १ किलोओममुळे पातळी किंचित पडेल, ती अँप जोडलेला असतानाच मोजून जुळवा. स्विच दुसऱ्याने फिरवावा, ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ही बाजू आणि एनओएस तुम्हाला वेगळे ओळखता आले नाहीत, तर तुम्हाला आवडतो तो फक्त वरच्या सुरांचा उतार, आणि तो दोन पार्टमध्ये मिळतो.

गंधार४४
आणि ओळखता आले तर?

मोजमाप
तर १६ वेळा ऐकून १२ वेळा तरी बरोबर ओळखा, आणि तबल्याचा कुठला तुकडा लावला तेही लिहा. मी तोच तुकडा दोन्ही बाजूंनी रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म इथे टाकतो.