मदत हवी आहे: कॉलम स्पेसचं बेसिस मूळ मॅट्रिक्समधूनच का घ्यायचं?

नमस्कार मंडळी, मी एसवाय बीएस्सीला आहे, मॅथ्स घेतलंय, या सेमिस्टरला लिनियर अल्जेब्रा आहे. बारावीला मॅट्रिक्समध्ये माझे मार्क कधी गेले नाहीत, इन्व्हर्स काढा म्हटलं की काढून मोकळी, पण इथे स्पॅन, बेसिस, डायमेन्शन सुरू झाल्यापासून गणित सुटतं आणि आपण नेमकं काय काढलं तेच कळत नाही.

परवा इंटर्नलचे पेपर मिळाले. एक मॅट्रिक्स होती, पहिली रो १, २, ३, दुसरी २, ४, ७ आणि तिसरी ३, ६, १०. तिच्या रो स्पेसचं (रोंच्या पटी मिळवून जे जे वेक्टर मिळतात ते सगळे) आणि कॉलम स्पेसचं (तसंच, पण कॉलमचं) बेसिस, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीचे सगळे बनतात असे कमीत कमी वेक्टर, काढायचं होतं. मी रो रिडक्शन केलं, शेवटी १, २, ० मग ०, ०, १ आणि खाली सगळे शून्य असं आलं, पिव्होट (रोमधला पहिला शून्य नसलेला आकडा) पहिल्या आणि तिसऱ्या कॉलमला, म्हणजे रँक, अर्थात पिव्होटची संख्या, २. रो स्पेससाठी वरच्या दोन रो लिहिल्या, ते बरोबर दिलंय. मग त्याच न्यायाने कॉलम स्पेससाठी रिड्यूस केलेल्या मॅट्रिक्सचे कॉलम लिहिले, (१, ०, ०) आणि (०, १, ०), तर त्याभोवती लाल गोल आणि शेजारी एवढंच, "मूळचे कॉलम घे".

मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली नियम आहे, पाठ कर, परीक्षेत तेवढं पुरतं. पुरत असेलही, पण मला पाठ करायचं नाहीये हो, रो चालतात तर कॉलम का नाही चालत हे समजून घ्यायचंय. सेमिस्टर एंडला तीन आठवडे आहेत. कुणी सोप्या मराठीत सांगाल का?

प्रतिसाद १

रिडक्शन बरोबर आहे तुझं. आता मूळ मॅट्रिक्सकडे परत बघ, तिसरी रो म्हणजे पहिल्या दोन रोंची बेरीज आहे. म्हणजे मूळच्या प्रत्येक कॉलममध्ये शेवटचा आकडा हा वरच्या दोन आकड्यांची बेरीज आहे, १ आणि २ चे ३, २ आणि ४ चे ६, ३ आणि ७ चे १०. असे कॉलम कितीही पटींनी घेऊन मिळवले तरी हा गुण जात नाही, कागदावर करून बघ. आता तू लिहिलेला (१, ०, ०) घे आणि सांग, तो यात बसतो का?

धागाकर्ती

नाही बसत! १ आणि ० ची बेरीज १, पण खाली ० आहे. म्हणजे मी लिहिलेला वेक्टर त्या कॉलम स्पेसमध्येच नाहीये. म्हणजे उत्तर का चुकलं ते कळलं दादा, पण मग पिव्होट कुठे आहेत हे रिड्यूस केलेल्या मॅट्रिक्सवरून बघायचं आणि कॉलम मात्र मूळचे उचलायचे, हे कसं काय चालतं?

प्रतिसाद २

मी सांगते. रो ऑपरेशन करताना तू काय करतेस, एका रोची पट दुसऱ्या रोमध्ये मिळवतेस. नवी रो जुन्या रोंपासूनच बनली, आणि उलटं करून जुनी परत मिळवता येते, म्हणून रो स्पेस हलत नाही, तिथे रिड्यूस केलेल्या रो बिनधास्त घे. कॉलमचं तसं नाही. तिथे कॉलमच्या आतले आकडे बदलतात, तुझ्या उदाहरणात तर अख्खं प्रतलच बदललं. पण प्रत्येक कॉलमवर तेच ऑपरेशन होतं, म्हणून कॉलम-कॉलममधलं नातं तसंच राहतं. मूळ मॅट्रिक्समध्ये दुसरा कॉलम पहिल्याच्या दुप्पट आहे, रिड्यूस केल्यावर (२, ०, ०) हा (१, ०, ०) च्या दुप्पटच आहे. नात्यातल्या पटी म्हणजे मॅट्रिक्सच्या रोंपासून बनलेल्या, उजवीकडे शून्य ठेवलेल्या समीकरणांची उत्तरं, इथे (−२, १, ०), आणि रो ऑपरेशनने उत्तरं बदलत नाहीत हे तर आपण शाळेपासून एकसामयिक समीकरणं सोडवताना वापरत आलोय.

म्हणून रिड्यूस केलेली मॅट्रिक्स फक्त एवढं सांगते की कुठला कॉलम दुसऱ्यांवर अवलंबून आहे आणि कुठला स्वतंत्र. स्वतंत्र कॉलमचे नंबर घ्यायचे आणि वेक्टर मूळ ठिकाणाहून आणायचे. तुझं बेसिस (१, २, ३) आणि (३, ७, १०).

आणि ते (−२, १, ०) जपून ठेव, नल स्पेसचं, म्हणजे त्या शून्यवाल्या समीकरणांच्या सगळ्या उत्तरांचं, बेसिस तेच आहे. रँक २, नलिटी (नल स्पेसच्या बेसिसमधल्या वेक्टरची संख्या) १, मिळून कॉलमची संख्या ३. रँक-नलिटी थिअरम हेच सांगतो, यावर बसवून बघ.

धागाकर्ती

ताई, "नातं तसंच राहतं" हे वाचलं आणि वही उघडून मागची चारही गणितं परत केली, चारही आली. दोघांचे खूप आभार. अजून एकच, बरोबर डिग्री (सगळ्यात मोठा घात) २ असलेल्या पॉलिनॉमिअलचा सेट वेक्टर स्पेस, म्हणजे ज्यात बेरीज आणि पटी केल्या तरी बाहेर पडत नाही असा सेट, नाही असं नोट्समध्ये लिहिलंय, पण २ किंवा कमी डिग्री असली तर आहे म्हणे. हे का?

प्रतिसाद १

एक्सचा वर्ग घे, आणि त्यात उणे एक्सचा वर्ग अधिक एक्स मिळव. दोघांची डिग्री २, बेरीज नुसती एक्स. सेटमधून बाहेर पडलीस. शिवाय शून्य पॉलिनॉमिअलही त्या सेटमध्ये नाही. कमी डिग्रीची घेतलीस की दोन्ही अडचणी जातात, आणि १, एक्स, एक्सचा वर्ग हे बेसिस मिळतं, डायमेन्शन, म्हणजे बेसिसमधल्यांची संख्या, ३.