ओळ आणि रकाना दोन्ही एकदम गोठवण्याबद्दल

एक्सेलमध्ये वरची ओळ गोठवली (म्हणजे शीट सरकवली तरी ती जागेवरच दिसत राहील असं केलं) की डावा रकाना सुटतो, रकाना गोठवला की ओळ सुटते, असं तुम्ही लिहिलंय. ‘फ्रीझ टॉप रो’ आणि ‘फ्रीझ फर्स्ट कॉलम’ एकमेकांना रद्द करतात, म्हणून असं होतं. दोन्ही हवे असतील तर ‘फ्रीझ पेन्स’च वापरा.

सगळी मेख कर्सर कुठे आहे त्यात आहे. निवडलेल्या सेलच्या वरचं आणि डावीकडचं सगळं गोठतं. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या शीटमध्ये वरच्या तीन ओळींत सोसायटीचं नाव, पत्ता आणि वर्ष, चौथ्या ओळीत महिने, ए रकान्यात फ्लॅट नंबर आणि बी मध्ये नाव. मी सी ५ वर क्लिक करून ‘व्ह्यू’मधून ‘फ्रीझ पेन्स’ देते. मग मार्चच्या रकान्यात ६०२ची थकबाकी बघतानाही नाव आणि महिना समोरच राहतो. चुकीच्या फ्लॅटपुढे पैसे मांडले जाणं त्यामुळे खरंच थांबलं.

आधीचं गोठवलेलं मात्र ‘अनफ्रीझ’ करून घ्या आणि कंट्रोल होम दाबून अगदी वर या. शीट खाली सरकलेली असताना गोठवलं, तर वर गेलेल्या ओळी दिसेनाशा होतात आणि माणूस घाबरतो, डेटा उडाला की काय! उडत नाही, अनफ्रीझ केलं की परत येतो.

आणि हो, प्रिंटमध्ये याचा उपयोग नाही. प्रत्येक पानावर शीर्षक हवं असेल तर ‘पेज लेआउट’मधलं ‘प्रिंट टायटल्स’ बघा.