डीडीजे-४०० ला सॉफ्टवेअर कोणतं? (बजेट शून्य)

हळद_नाईट: जुना डीडीजे-४०० (लॅपटॉपला जोडायचा डीजे कंट्रोलर) घेतलाय. लॅपटॉप आय-थ्री, रॅम ४ जीबी. हळदी, बारशी, वाढदिवस एवढीच कामं. रेकॉर्डबॉक्स, व्हर्च्युअल डीजे की सेराटो? सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, आधीच सांगतो.

बेसकिंग: सेराटो प्रो, डोळे झाकून. स्टेम्समधून (गाण्यातला आवाज, वाद्यं सुटी करायची सोय) गायकाचा आवाज उडवला की पब्लिक येडी होते.

कॅसेटवाला: किंग, प्रश्न तरी वाचा. सेराटो ४०० ला ओळखतच नाही. रेकॉर्डबॉक्स टाक, कंट्रोलर जोडला की परफॉर्मन्स मोड, म्हणजे लाइव्ह वाजवायचा भाग, फुकट उघडतो.

बेसकिंग: मग एफएलएक्स-४ कंट्रोलर घ्यायचा ना! रेकॉर्डबॉक्स, सेराटो दोन्ही चालतात त्यावर.

हळद_नाईट: घेऊन झालाय हो ४००.

वरात_स्पेशल: व्हर्च्युअल डीजे. आमच्या तालुक्यात सगळे तेच वाजवतात.

कोकणी_बीट: फुकट आहे ते घरच्या घरी, माऊसवर. कंट्रोलर जोडला की दहा मिनिटांची मुदत. आणि ४ जीबीवर लाइव्ह स्टेम्सचं नाव काढू नकोस, गाणं अडखळणार. आधी रॅम वाढव.

पेंग्विन_प्रेमी: 'मिक्स' बघा, शेवटी तीन एक्सवालं. पूर्ण फुकट, लिनक्सवरही चालतं. ४०० चं मॅपिंग (कुठल्या बटणानं काय व्हायचं ते) आत आहेच.

वरात_स्पेशल: फुकट म्हणजे व्हायरस.

पेंग्विन_प्रेमी: 🙏

कॅसेटवाला: सॉफ्टवेअर कुठलंही घे, सिंकवर (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण) विसंबू नकोस. जुन्या गाण्यांत ढोलकी माणसानं वाजवलीय, लय हलते. ग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरनं आखलेल्या ठोक्यांच्या खुणा, पहिल्या कडव्याला बसते, दुसऱ्याला निसटते. रेकॉर्डबॉक्समध्ये अ‍ॅनालिसिस 'डायनॅमिक'वर ठेव. मिनिटाला ७५ ठोक्यांची चाल १५० दाखवली तर अर्धी कर. बाकी कान.

डॉल्बी_दादा: रेकॉर्डबॉक्स घे, कंट्रोलर जोडला की फुकट.

कॅसेटवाला: वर सांगून झालंय, दादा.

कोकणी_बीट: एक राहिलं. माझं टेबल बेसच्या पेटीला चिकटून होतं. हादऱ्यानं यूएसबी वायर सरकत सरकत निघाली, ऐन नवरीच्या एंट्रीला शांतता. करवल्या माझ्याकडं बघतायत. तेव्हापासून वायर टेपनं टेबलाला चिकटवतो.

बेसकिंग: म्हणून म्हणतो, चांगला कंट्रोलर घ्या.

कोकणी_बीट: वायरचा आणि कंट्रोलरच्या किमतीचा काय संबंध?

हळद_नाईट: सगळ्यांचे आभार. व्हर्च्युअल डीजेचं एक महिन्याचं लायसन्स घेतलं. ज्या मामांच्या साऊंडवर वाजवतो, त्यांची हळदीची अख्खी लायब्ररी क्यू मारून (गाणं कुठून सुरू करायचं त्या खुणा लावून) त्यातच आहे. लग्नसराईत सगळं परत कोण लावणार?

कॅसेटवाला: बजेट शून्य होतं ना?

हळद_नाईट: मामांनी भरले. टेप मात्र मी आणली.