मदत हवी आहे : रास्ताफारी ढोल आणि जॅझ एकत्र असलेल्या जुन्या रेकॉर्ड्स

मंडळी, जमैकाच्या संगीतातलं कुणी जाणकार इथे असेल तर मदत हवी आहे. रेगे मला आवडतंच, पण सध्या शोधतोय ते वेगळं आहे. रास्ताफारी (जमैकातला एक धर्मपंथ, त्याचे अनुयायी ते रास्ता) ढोल मुख्य, आणि सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन वगैरे मंडळी त्या ढोलांच्या चालीने जाताहेत, अशा रेकॉर्ड्स हव्या आहेत.

शॅगीचं १९९३ चं 'ओ कॅरोलिना' बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. त्याचं मूळ गाणं १९६० च्या सुमाराचं, फोक्स ब्रदर्सचं. निर्माता प्रिन्स बस्टर, आणि ढोल काउंट ऑसी या रास्ता ढोलवादकाचे व त्याच्या साथीदारांचे. मी मूळ गाणं ऐकलं आणि गाण्यापेक्षा ढोलांच्याच मागे लागलो.

जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या पूर्व भागात वारेका टेकडीच्या बाजूला ऑसीची वस्ती होती. डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, रिको रॉड्रिग्ज हे अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकलेले वादक आपापली वाद्यं घेऊन तिथे जात आणि ढोलांवर तासन् तास वाजवत. रास्ता माणसाला शहरात मान नव्हता तेव्हाची ही गोष्ट. म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

ढोल तीन. बेस सगळ्यात मोठा, कापड गुंडाळलेल्या काठीने वाजवायचा. फुंडे हाताने, न थकता एकच ठेका धरून ठेवणारा. तिसरा रिपीटर, बारीक आणि चढ्या आवाजाचा, सगळी उपज त्याची. हेडफोन लावून नुसता फुंडे धरून ऐका : जवळजवळ दोन थापा, मग मोकळी जागा, पुन्हा दोन थापा. काळजाच्या ठोक्यासारखं. ते एकदा कानात बसलं की वर सॅक्सोफोन कितीही लांब भटकून आला तरी आपण हरवत नाही.

माझ्याकडे आहे ते एवढंच : 'ग्राउनेशन' (१९७३, तीन एलपींचा संच) आणि 'टेल्स ऑफ मोझांबिक' (१९७५, माझी प्रत सोल जॅझ या रेकॉर्ड कंपनीच्या २०१६ च्या रीइश्यूची). दोन्ही 'मिस्टिक रेव्हलेशन ऑफ रास्ताफारी'च्या. ऑसीचे ढोलवाले आणि सेड्रिक ब्रूक्स या टेनर सॅक्सोफोनवाल्याचा बँड मिळून हा वाद्यवृंद झाला. 'ग्राउनेशन'वर चार्ल्स लॉइडची 'पासिन थ्रू' ही जॅझ रचना आहे, ती तर ऐकाच. ढोलांवर ती अशी बसली आहे की जणू तिथेच जन्मली. १९७६ मध्ये ऑसी गेला आणि माझा माग तिथे तुटतो.

तर विचारायचं आहे :

याच वळणाचं आणखी काय ऐकावं? नुसते भजनी पद्धतीचे न्याबिंगी (रास्ता प्रार्थनासभांतले) ढोल नकोत, फुंकवाद्यं हवीत.

'ग्राउनेशन'ची जुनी प्रत विकत घेताना काय तपासावं? तीन तबकड्यांपैकी एखादी दुसऱ्याच प्रतीतली घातलेली असते का?

आणि तबला-ढोलकीवाल्यांना : फुंडेचा ठेका आपल्या मात्रांत कसा लिहाल? मी चार मात्रा धरतो, पण रिपीटर मधेच तीन-तीनचे गट टाकतो आणि माझी सम निसटते.

प्रतिसाद :
सेड्रिक ब्रूक्सचाच माग धरा. त्याचा पुढचा बँड 'लाइट ऑफ साबा'. ऑनेस्ट जॉन्स या रेकॉर्ड कंपनीने २००३ मध्ये त्यांचं संकलन काढलंय, तिथून सुरुवात करा. मग त्याचीच 'युनायटेड आफ्रिका'. फुंकवाद्यांची अट थोडी सैल केलीत तर रास मायकेलची 'दादावा : पीस अँड लव्ह' (१९७४) घ्या. चारच लांब गाणी, गिटार आणि कीबोर्ड ढोलांभोवती अगदी सावकाश फिरतात. जुनी प्रत घेताना सहाही बाजूंच्या लेबलाजवळ कोरलेल्या क्रमांकांचे फोटो विक्रेत्याकडून मागवा आणि ते एकमेकांशी जुळतात का पाहा. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या.

धागाकर्ता :
मनापासून आभार! 'लाइट ऑफ साबा' आजच लावतो. क्रमांकांचं लक्षात ठेवीन. तालाचा प्रश्न अजून उघडा आहे. ढोलकी किंवा पखवाज वाजवणारं कुणी असेल तर 'ग्राउनेशन'मधलं 'बोंगो मॅन' ऐकून कृपया सांगा, सम कुठे धरू?