शब्दचर्चा: ‘श्वसन’ आणि ‘श्वासोच्छ्वास’ एकच का?

काळीमाती:
मुलांच्या वहीत हमखास येणारं वाक्य: ‘झाडे पानांमधून श्वासोच्छ्वास करतात.’ बरोबर द्यावं की चूक? रोजच्या बोलण्यात श्वसन म्हणजे श्वास घेणं आणि सोडणं, म्हणजे दोन्ही एकच झालं. शिवाय ‘श्वासोश्वास’ असंही सर्रास लिहिलेलं दिसतं. जाणकारांनी सांगावं.

वेलांटी:
लेखनाचं आधी उरकून टाकतो. श्वास + उच्छ्वास = श्वासोच्छ्वास. उच्छ्वास म्हणजे उत् + श्वास. ‘त्’पुढे ‘श’ आला की संधीत ‘च्छ’ होतो. ‘श्वासोश्वास’ लिहिलं तर ‘उत्’ गळतो, म्हणजे हवा आत गेली ती गेलीच! ‘निःश्वास’ मराठीत सुटकेपुरता उरलाय, जीवशास्त्राच्या उत्तरात तो नको.

मोडाचीमटकी:
सर, ते वाक्य चूकच. श्वासोच्छ्वास ही हालचाल आहे. बरगड्या वर उचलल्या जातात, श्वासपटल खाली सरकतं, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते, मग उलट. झाडाला ना बरगड्या ना श्वासपटल. पानावरच्या पर्णरंध्रांतून आणि खोडावरच्या वल्करंध्रांतून वायू आत-बाहेर होतात ते विसरणाने, म्हणजे जास्त आहे तिथून कमी आहे तिकडे आपोआप पसरून; कुणी ओढत नाही की ढकलत नाही.

श्वसन मात्र पेशीत चालतं. ग्लुकोजचं टप्प्याटप्प्याने विघटन होतं, ऑक्सिजन वापरला जातो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, आणि सुटलेल्या ऊर्जेचा काही भाग एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) रूपात हाती लागतो. उरलेली ऊर्जा उष्णता म्हणून जाते. मोडासाठी फडक्यात बांधलेल्या मटकीत सकाळी हात घातला तर कोमट लागते ना, ती हीच. फुफ्फुस नाही, नाक नाही, तरी श्वसन जोरात. फ्रान्समध्ये लव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि श्वसन हे एक प्रकारचं मंद ज्वलन आहे असं मांडलं. तेव्हापासून ‘श्वसन’ या कल्पनेत ऊर्जा आली; नुसती हवेची ये-जा राहिली नाही.

काळीमाती:
पण मॅडम, शाळेच्या पुस्तकात तर श्वसनाचे टप्पेच बहिःश्वसन, अंतःश्वसन आणि पेशीश्वसन असे दिलेत. म्हणजे नाकाने हवा घेणं हेही श्वसनातच आलं की.

मोडाचीमटकी:
आलं, पण माणसाच्या बाबतीत. तिथं ‘श्वसन’ मोठी छत्री म्हणून वापरलंय. बहिःश्वसनात श्वासोच्छ्वास आणि फुफ्फुसातली वायूंची देवाणघेवाण, अंतःश्वसनात रक्त आणि पेशी यांच्यातली देवाणघेवाण, आणि शेवटी पेशीश्वसन. सजीवाचं लक्षण म्हणून आपण ‘श्वसन’ म्हणतो तेव्हा हा शेवटचा टप्पा अभिप्रेत असतो, कारण तोच झाडापासून माणसापर्यंत सगळ्यांत सापडतो.

इथं एक खड्डा आहे. हिंदी पुस्तकांत ‘अंतःश्वसन’ म्हणजे हवा आत घेणं आणि ‘निःश्वसन’ म्हणजे बाहेर सोडणं. हिंदी व्हिडिओ बघून आलेली मुलं मराठी पेपरात तेच लिहितात आणि गुण जातात. शब्द तोच, अर्थ वेगळा.

बनीम:
वर्गात फरक दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे चुन्याची निवळी; श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मिळाला की ती दुधाळ होते. पानाचा साधा पांढरा चुना चमचाभर, १ लिटर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा. लिटरभर पाण्यात दीडेक ग्रॅमच विरघळतो, बाकी तळाशी बसतो, म्हणून जास्त चुना घालून निवळी कडक होत नाही. वरचं नितळ पाणी हलक्या हाताने काढून गच्च झाकणाच्या बाटलीत भरायचं. बाटली उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पांढरी साय धरते आणि प्रयोग आधीच बिघडतो.

लोणच्याच्या तीन रुंद बरण्या घ्या. एकीत १०० ग्रॅम मोड आलेली मटकी, दुसरीत तेवढीच उकळून थंड केलेली, तिसरी रिकामी. प्रत्येकीत निवळी भरलेली छोटी उघडी बाटली उभी ठेवून झाकण घट्ट लावायचं. काही तासांत पहिल्या बरणीतली निवळी दुधाळ होते.

बिघडतं ते बहुतेक उकळलेल्या मटकीपाशी. बरणी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवली की ती मटकी आंबते, तिच्यावरचे जीवाणू श्वसन करतात आणि तीही निवळी दुधाळ होते. मग पोरं म्हणतात, मेलेली मटकीही श्वास घेते! म्हणून त्याच दिवशी निकाल बघून मोकळं व्हायचं. नळीने निवळीत फुंकायचा प्रयोग घेतला तर फार वेळ फुंकू देऊ नका. जास्त वायूने दुधाळपणा परत नाहीसा होतो, कारण कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट बनतं. फुंकायचंच, ओढायचं नाही. चुन्याचं पाणी तोंडात किंवा डोळ्यात जाता कामा नये.

आंबील:
येळवसला (वेळ अमावास्येला) मडक्यात आंबील आंबते, ते विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनशिवायचं श्वसन) म्हणायचं का किण्वन (आंबणं)? शाळेत दोन्ही एकाच ओळीत सांगतात.

मोडाचीमटकी:
ताई, शाळेपुरतं चालून जातं, पण काटेकोर बोलायचं तर आंबिलीत किण्वन. ज्वारीच्या पिठातले आणि ताकातले जीवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून आंबटपणा. काही जीवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटसारखं दुसरं काही वापरून श्वसनाची पूर्ण साखळी चालवतात, ते खरं विनॉक्सिश्वसन. किण्वनात ती साखळीच नसते, म्हणून एका ग्लुकोजमागे एटीपीचे दोनच रेणू मिळतात. ऑक्सिश्वसनात साधारण ३० ते ३२. जुन्या पुस्तकांत ३८ छापलेलं असतं, त्यावरून मुलांशी भांडू नका.

बनीम:
आपल्याकडचा पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, घ्या की. पेवात साठवलेली ज्वारी जिवंत असते. बंद जागेत दाणे, बुरशी, कीड सगळे श्वसन करतात. ऑक्सिजन कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, म्हणून तळाशी साचतो. पेव उघडला की लगेच आत उतरणारा माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. तोंड बराच वेळ उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, दिवा सोडून बघायचा. तो विझला तर उतरायचंच नाही. पण दिवा जळतोय म्हणजे धोका नाही असंही नाही: दिव्याला पुरेल एवढा ऑक्सिजन असूनही कार्बन डायऑक्साइड घातक पातळीला असू शकतो. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार सगळे वापरतात, पण पेव श्वसन करतो हे क्वचितच कुणी सांगतं.

ओली सोयाबीन बनीम (गंज) रचून झाकली की आतून तापते, तेही हेच. ओलावा जास्त म्हणून दाण्याचं आणि बुरशीचं श्वसन जास्त. धान्य वाळवून साठवायचं ते श्वसन मंदावायला.

काळीमाती:
मग ‘पाणी साचून मुळ्या गुदमरल्या’ हेही चूक का?

बनीम:
नाही, ते एकदम बरोबर. गुदमरणं म्हणजे ऑक्सिजन न मिळणं. वापसा असलेल्या जमिनीत मातीच्या पोकळ्यांत साधारण निम्मं पाणी, निम्मी हवा. काळ्या भारी रानात पाणी तुंबलं की हवा जाते, आणि पाण्यातून ऑक्सिजनचं विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद. मुळांचं श्वसन अडलं की अन्नद्रव्यं ओढायला ऊर्जाच नाही, म्हणून भरपूर पाण्यात उभी सोयाबीन पिवळी पडते. त्यावर नुसता युरिया टाकून भागत नाही, आधी चर काढून पाणी काढावं लागतं.

वेलांटी:
‘झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात’ हेही खोडा. श्वसन चोवीस तास चालतं. उन्हात प्रकाशसंश्लेषण त्याच्यावर मात करतं म्हणून ते दिसत नाही. हिरवी पानं घालून बरणीचा प्रयोग केला तर बरणी काळ्या कापडात गुंडाळावी लागते ती यासाठीच.

काळीमाती:
म्हणजे वहीत दुरुस्ती अशी: ‘झाडे पर्णरंध्रांतून वायूंची देवाणघेवाण करतात, झाडाची प्रत्येक जिवंत पेशी श्वसन करते.’ गांडुळालाही श्वासोच्छ्वास लागू नाही, त्याचं सगळं त्वचेतून. बेडकाचं काय?

मोडाचीमटकी:
बेडकाला दोन्ही शब्द लागतात. पावसाळ्यात घशाचा तळ खाली-वर करून तो हवा फुफ्फुसात ढकलतो, तो श्वासोच्छ्वास. उन्हाळ्यात मातीत पुरून घेतो तेव्हा ही हालचाल जवळजवळ थांबते, वायू मुख्यतः ओल्या त्वचेतून जातात-येतात. पेशीतलं श्वसन मंद होतं, पण पहिला पाऊस पडेपर्यंत थांबत नाही.